दिवाणखान्यांतील ध्वनियंत्र : त्याची पारख कशी करावी ?

घरांत नवें यंत्र येतें तेव्हां तें विकत घेणारा एक असतो आणि वापरणारे दहा असतात. एकत्र कुटुंबांत तर ही गोष्ट विशेषच खरी. शिवणाचें यंत्र, मिक्सर, पाण्याचा पंप यांच्या बाबतींत हा भेद फारसा जाणवत नाहीं; कारण त्यांचें बटण एक आणि कामहि एक. परंतु कित्येक सुखवस्तु घरांच्या दिवाणखान्यांत ‘होम थिएटर’ या नांवानें जो थाट मांडलेला असतो, त्याच्या बाबतींत मात्र घेणाऱ्याची आवड आणि वापरणाऱ्यांची सोय यांचा मेळ क्वचितच बसलेला दिसतो. या थाटाचा मुख्य घटक जो रिसीव्हर, तो कसा निवडावा, अशी पृच्छा आमच्याकडे वरचेवर होते. आम्ही विद्युच्छास्त्राचे पंडित नव्हे. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेले एक मास्तर. तथापि उच्चार ऐकणें आणि तपासणें हाच आमचा जन्माचा धंदा असल्यामुळें, ध्वनीच्या बाबतींत चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस अगदींच नाहीं असें नाहीं.

रिसीव्हर म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रेची तबकडी, मुलांचें खेळाचें यंत्र इत्यादिकांकडून येणारें चित्र व ध्वनि हीं एका ठिकाणीं घ्यावयाचीं; चित्र टीव्हीकडे धाडावयाचें; आणि ध्वनीचे प्रवाह वेगळे करून, त्यांस बळ देऊन, ते खोलींतील निरनिराळ्या स्पीकरांस वांटून द्यावयाचे, हें या पेटीचें काम. मोठ्या घरांतील कोठी सांभाळणाऱ्या आजीसारखीच ही पेटी आहे. सामान चहूंकडून येतें. पण कोणाच्या पानांत काय आणि किती वाढावयाचें, तें ठरविणारी ती एकटी. यंत्रावर ‘७.२’ असा जो आंकडा असतो, त्यांतील सात हे स्पीकरांचे प्रवाह व दोन हे खर्जाच्या सबवूफरांचे मार्ग होत. समोर तीन, दोहों बाजूंस दोन, आणि उरलेले दोन पाठीमागें किंवा छताकडे, अशी सर्वसाधारण मांडणी असते. छताकडून आवाज आणणारी डॉल्बी अॅटमॉस ही पद्धति २०१२ सालीं चित्रगृहांत व २०१४ सालीं घरांत आली.

तुलनेसाठीं आम्ही मध्यम प्रतीचीं चार सात-प्रवाही यंत्रें घेतों : यामाहाचें आरएक्स-व्ही ६ ए (२०२०), ऑन्क्योचें टीएक्स-एनआर ६१०० (२०२१), डेनॉनचें एव्हीआर-एक्स २८०० एच (२०२२) आणि सोनीचें एसटीआर-एएन १००० (२०२३). चारहि नांवें जपानचीं. कसोट्या दोन : आवाज कसा आहे, आणि घरांतील सर्वांस तें रोज वापरतां येतें कीं नाहीं. दुसरी कसोटी पहिलीहून हलकी आहे असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे.

दुकानांत पाऊल टाकल्याबरोबर विक्रेता वॉटचा आंकडा सांगूं लागतो. सोनीचा आंकडा १६५, यामाहा व ऑन्क्यो यांचा प्रत्येकीं १००, आणि डेनॉनचा ९५. हे आंकडे ऐकून कोणीहि भोळा गृहस्थ म्हणेल कीं सोनीचें यंत्र डेनॉनच्या जवळजवळ पावणेदोनपट बलवान् आहे. परंतु बारीक अक्षरें वाचलीं म्हणजे उलगडा होतो. सोनीचे १६५ वॉट मोजतांना भार ६ ओहमचा आहे, एकच प्रवाह चालविला आहे, १,००० हर्ट्‌झचा एकच सूर वाजविला आहे, आणि आवाजांत ०·९ टक्के बिघाड चालवून घेतला आहे. उरलेल्या तिघांचे आंकडे ८ ओहमवर, एका वेळीं दोन प्रवाह चालवून, २० पासून २०,००० हर्ट्‌झपर्यंतच्या सर्व सुरांवर, आणि एक दशांश टक्क्याहूनहि कमी बिघाड राखून दिलेले आहेत. एका विद्यार्थ्याची परीक्षा एका श्लोकावर घ्यावी, दुसऱ्याची सबंध सर्गावर घ्यावी, आणि दोघांचे गुण एकाच पटावर मांडावे, तशांतलाच हा प्रकार झाला. यांत सोनीचें यंत्र वाईट असा अर्थ नव्हे. आंकड्यांची तुलना करतां येत नाहीं, एवढाच अर्थ.

शिवाय वॉट वाढले म्हणजे आवाज त्याच प्रमाणांत वाढतो, हीहि समजूत खोटी आहे. शक्ति दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलनीं चढतो. आणि कानास तो दुप्पट मोठा वाटावयाचा तर शक्ति सुमारें दहापट लागते. ९५ आणि १०० वॉट यांतला फरक पाव डेसिबलहूनहि कमी आहे. तो कोणत्याहि मनुष्याच्या कानास कळणार नाहीं. सामान्य दिवाणखान्यांत बोलणें ऐकतांना दर स्पीकरामागें सरासरी एखाददुसरा वॉटच खर्च होत असतो. तेव्हां मध्यम आकाराच्या खोलीसाठीं या चौघांपैकीं कोणाचेंहि बळ कमी पडणार नाहीं, आणि वॉटसाठीं अधिक पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

मग आवाजाचा चांगुलपणा पाहावा तरी कशांत ? पाणिनीय शिक्षेंत उत्तम पाठकाचे जे गुण सांगितले आहेत, त्यांत माधुर्याच्या जोडीस अक्षरव्यक्ति आणि पदच्छेद यांची गणना केलेली आहे. स्वर गोड तर हवाच. पण प्रत्येक अक्षर स्पष्ट आणि प्रत्येक पद वेगळें ऐकूं आलें पाहिजे. घरच्या ध्वनियंत्रासहि आम्ही हीच कसोटी लावतों. दुकानदार विमानें, स्फोट आणि पाऊस ऐकवून दिपवितो. परंतु विमान नीट ऐकूं आलें नाहीं म्हणून कोणाचें कांहीं अडत नाहीं. बोलणें कळलें नाहीं म्हणजे मात्र सर्वच अडतें.

हें अडणें प्रथम कोणाच्या वांट्यास येतें, तें पाहा. वय वाढत जातें तशी कानाची उच्च कंपनें ऐकण्याची शक्ति आधीं मंदावते. आपल्या वर्णमालेंतील अ, आ, ओ यांसारखे स्वर खालच्या कंपनांत असून जोरकस असतात. परंतु स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा भाग उच्च कंपनांत असतो, आणि तो मुळांतच नाजुक. म्हणून घरांतील वडील माणसें म्हणतात, “आवाज येतो रे, पण काय बोलतात तें समजत नाहीं.” तरुण मंडळी मग आवाज वाढवितात. त्यानें पार्श्वसंगीत आणि आदळआपट वाढते. अक्षरें मात्र त्यांखालीं पूर्वींसारखींच दडून राहतात. पुनः आजोबांनीं तक्रार केली कीं तो त्यांचा हट्ट समजला जातो. दोनचार वेळां असें झालें म्हणजे तो वृद्ध मनुष्य कांहीं न बोलतां उठून आपल्या खोलींत जाऊन बसतो, आणि सर्वांना एकत्र बसतां यावें म्हणून ज्या वस्तूवर एवढा खर्च केला, तीच एका माणसास वेगळें करण्यास कारण होते. आमच्या दृष्टीनें ध्वनियंत्राचा याहून मोठा दोष दुसरा नाहीं.

यावर उपाय आहे, आणि तो वॉटांत नसून मधल्या स्पीकरांत आहे. चित्रपटांतील संभाषण बहुतेक सर्व समोरच्या मधल्या स्पीकरांतून येतें. रिसीव्हरचा खरा उपयोग हाच कीं, इतरांस हात न लावतां या एकाच स्पीकराचा आवाज तीनचार डेसिबलनीं चढवितां येतो. ही सोय चौघांतहि आहे. ती किती पायऱ्या उतरल्यावर सांपडते, तेवढें दुकानांत करवून पाहावें. पैसे मोजकेच असतील तर सात स्पीकरांचा हव्यास सोडून, समोरचे तीन उत्तम घ्यावे आणि त्यांतहि मधल्यावर हात आंखडूं नये. उरलेले पुढील दिवाळीस घेतां येतात. रिसीव्हर त्यांची वाट पाहात बसतो.

आवाजाच्या बाबतींत या यंत्रांत जो खरा फरक आहे, तो खोलीचा दोष सुधारण्याच्या पद्धतींत आहे. यंत्राबरोबर एक लहान मायक्रोफोन येतो. प्रत्येक स्पीकरांतून परीक्षेचे सूर निघतात. ते मोजून यंत्र अंतर, पातळी आणि स्वरांचा तोल आपणच ठरवितें. डेनॉनची पद्धति ऑडिसी नांवाची. ही संस्था २००२ सालीं अमेरिकेंतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधनांतून निघाली. या पद्धतींत आठ जागांपर्यंत मोजमाप घेतां येतें. यामाहाची वायपीएओ, ऑन्क्योची अॅक्यूईक्यू, सोनीची डीसीएसी. सोनी त्याखेरीज मोजमापाच्या आधारें, जेथें स्पीकर नाहींत तेथूनहि आवाज येत असल्याचा भास निर्माण करतें. थोडे स्पीकर असणाऱ्यांस तें आवडण्यासारखें आहे. स्वीडनमधील उप्साला येथील डिराक ही पद्धति अधिक सूक्ष्म समजतात. ती ऑन्क्योच्या वरच्या प्रतीच्या आरझेड ५० मध्यें किंमतींतच मिळते, आणि डेनॉनच्या एक्स ३८०० एच मध्यें निराळे पैसे भरून घ्यावी लागते.

पद्धति कोणतीहि असो, मोजणी मन लावून केली पाहिजे. मायक्रोफोन बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर धरावा. पंखे बंद ठेवावे. स्वयंपाकघरांत कुकर चढवूं नये. मुख्य म्हणजे जेथें खरोखर माणसें बसतात त्या सर्व जागा मोजाव्या. थोरल्या मुलाच्या सोफ्यापाशींच सर्व मापें घेतलीं, आणि आजोबांची आरामखुर्ची व आजींचा कोपऱ्यांतला चौरंग वगळला, तर तें मोजमाप एका माणसापुरतेंच झालें. मोजणीनंतर यंत्र कधीं कधीं लहान स्पीकरांस मोठे समजून बसतें; घरांत सबवूफर असेल तर त्यांस ‘लहान’ ठरवून ८० हर्ट्‌झच्या खालचा खर्ज सबवूफरकडे द्यावा, म्हणजे सामान्यतः बोलणें मोकळें होतें. आणि एक गोष्ट कोणत्याहि यंत्रास साधत नाहीं : गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती यांच्या खोलींतला घुमारा. त्यास जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचें उघडें कपाट हाच उपाय.

संगीताविषयीं दोन शब्द. वडिलोपार्जित नाट्यगीतांच्या व ख्यालांच्या तबकड्या ज्या घरीं असतील, त्यांनीं ‘फोनो’ नांवाचें छिद्र यंत्राच्या पाठीमागें आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें. डेनॉन, यामाहा व ऑन्क्यो यांच्या वरील यंत्रांत तें आहे. सोनीच्यांत नाहीं, तेथें मध्यें आणखी एक लहान यंत्र घ्यावें लागेल. यामाहाची एक गंमतहि सांगण्यासारखी आहे. १८८७ सालीं हार्मोनियमच्या जातीच्या एका ऑर्गनच्या दुरुस्तीपासून या घराण्याचा आरंभ झाला, आणि त्याच्या मुद्रेंत अद्यापि सूर जुळविण्याचे तीन चिमटे आहेत. १९८६ पासून यामाहानें खऱ्या संगीतगृहांतील प्रतिध्वनि मोजून ते यंत्रांत उतरविण्याचा उपक्रम चालविला आहे. म्हणून तिच्या रिसीव्हरांत म्यूनिकच्या व व्हिएन्नाच्या दिवाणखान्यांचे पर्याय दिसतात. वाद्यवृंदास ते शोभतात. परंतु गवई येथला, तंबोरा मिरजेचा आणि घुमारा म्यूनिकचा, हें मिश्रण आमच्या कानांस रुचत नाहीं. आपलें गाणें ‘स्टीरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’ ठेवूनच ऐकावें. त्या स्थितींत हीं चार यंत्रें डोळे मिटून ओळखून दाखविणारा मनुष्य विरळाच.

येथवर आवाजाचें झालें. आतां रोजच्या वापराकडे वळूं. आमच्या परिचयाच्या एका चौदा माणसांच्या घरांत थोरल्या चिरंजीवांनीं मोठ्या हौसेनें एक भारी रिसीव्हर आणला. टीव्हीचा रिमोट एक, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा आणि रिसीव्हरचा तिसरा. क्रम चुकला कीं चित्र आहे तर आवाज नाहीं, आवाज आहे तर चित्र नाहीं. दुपारीं आजींना कीर्तन ऐकावयाचें असे, सुना भीतभीत बटणें दाबून पाहात, आणि शेवटीं ठरलेलें उत्तर मिळे, “दादा ऑफिसांतून येऊं देत.” कीर्तन चारला आणि दादा साडेसातला. पूर्वींचा साधा टीव्ही आजी स्वतः लावीत असत. म्हणजे हजारों रुपये खर्चून घरानें आजींचें एक स्वातंत्र्य काढून घेतलें, असाच याचा हिशेब होतो. दोष यंत्राचा कमी आणि तें अर्धवट जुळविणाऱ्याचा अधिक होता. कारण त्यावर ज्या दोन सोयी उपयोगीं पडतात, त्या त्या यंत्रांतहि होत्या.

पहिली सोय, एकानें दुसऱ्यास जागें करण्याची. टीव्ही आणि रिसीव्हर एचडीएमआयच्या तारेनें जोडलेले असले, आणि दोहोंच्या मांडणींत सीईसी नांवाची सोय चालू केलेली असली, म्हणजे टीव्ही लावतांच रिसीव्हर आपोआप लागतो, आणि टीव्हीच्याच रिमोटनें त्याचा आवाज कमीजास्त होतो. टीव्हीचा आवाज त्याच तारेनें परत आणणारी एआरसी ही सोय २००९ च्या व तिची सुधारलेली ईएआरसी ही २०१७ च्या एचडीएमआय नियमांत आली. तार मात्र टीव्हीच्या ज्या छिद्रावर तीं अक्षरें असतील त्यांतच घातली पाहिजे. दुसरी सोय ‘स्टँडबाय थ्रू’ किंवा ‘पास थ्रू’ ही. हिच्या योगानें रिसीव्हर निजलेला असतांहि सेट-टॉप बॉक्सचें चित्र व आवाज सरळ टीव्हीस पोंचतात. थोडी वीज अधिक जाते. पण घर दादांवर अवलंबून राहात नाहीं. चारहि यंत्रांत या दोन्ही सोयी आहेत. त्या घरांत त्या चालू केल्यावर आजींचें कीर्तन पूर्ववत् चारला सुरू झालें.

याखेरीज डेनॉनच्या रिमोटवर ‘क्विक सिलेक्ट’चीं आणि यामाहाच्या रिमोटवर ‘सीन’चीं चार चार बटणें आहेत. कोणतें यंत्र लावावयाचें, आवाजाची रीति कोणती, हें सर्व एकदां ठरवून एका बटणांत बंद करून ठेवतां येतें. मराठी भाषा या चौघांपैकीं एकाच्याहि पडद्यावर नाहीं. म्हणून त्या बटणांखालीं ‘बातम्या’, ‘सिनेमा’, ‘गाणें’ अशा देवनागरी चिठ्ठ्या चिकटवाव्या. तज्ज्ञ हंसतील, त्यांस हंसूं द्यावें.

आवाजाच्या आंकड्यांविषयींहि सांगितलें पाहिजे. कांहीं यंत्रें आवाज उणे डेसिबलांत दाखवितात. शून्य म्हणजे चित्रगृहांतील पूर्ण पातळी, आणि उणे ४० म्हणजे हळू. ऋणसंख्या ज्यांस शाळेंतच नकोशी झाली, त्यांनीं ती उतारवयांत रिमोटवर कां सोसावी ? डेनॉन व यामाहा या दोहोंतहि शून्यापासून चढत जाणारे साधे आंकडे निवडतां येतात, ते निवडावे. यंत्र लागतांना आवाज किती असावा व जास्तींत जास्त किती चढावा, याचीहि मर्यादा बहुतेक यंत्रांत घालतां येते. लहान मुलें असलेल्या घरांत ती अवश्य घालावी. रात्रीं मोठे आवाज दाबून हळू बोलणें वर आणण्याची सोय डेनॉनमध्यें ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ या नांवानें आहे, व इतर तिघांतहि त्याच जातीची आहे. शेजारच्या खोलींत कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल किंवा तान्हें मूल निजलें असेल, तर हिचें मोल कळतें.

घेतांना आणखी तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, हीं यंत्रें बरीच तापतात. त्यांस कांचेच्या बंद कपाटांत कोंडूं नये आणि वर देव्हाऱ्यासारखें वस्त्र घालूं नये. दुसरी, नातवंडांस खेळासाठीं सेकंदास १२० चित्रें देणारें यंत्र जोडावयाचें असेल आणि रिसीव्हर जुना घेत असाल, तर चौकशी करावी. २०२० सालच्या डेनॉन, मॅरँट्झ व यामाहा यांच्या कांहीं यंत्रांत एका चिपेच्या दोषामुळें तें चित्र उमटत नसे, आणि आपलें आरएक्स-व्ही ६ ए त्यांतच होतें. पुढें डेनॉननें एक जोडपेटी फुकट दिली व यामाहानें आंतील भाग बदलून दिला. विकणाऱ्याच्या यंत्रांत तो बदलला आहे कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. तिसरी, दुरुस्तीची. ऑन्क्योच्या मूळ जपानी कंपनीनें २०२२ च्या मे महिन्यांत दिवाळें जाहीर केलें. नांव तत्पूर्वींच दुसऱ्यांच्या हातीं गेलें होतें, म्हणून यंत्रें निघत राहिलीं. मोठीं घराणींहि अशीं डळमळतात. तेव्हां आपल्या गांवीं त्या यंत्राची दुरुस्ती कोण करतो, हें पैसे देण्यापूर्वीं दुकानदाराकडून लिहून घ्यावें.

आमचें मत विचाराल तर तें असें. ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत, जुन्या तबकड्या आहेत आणि बसण्याच्या जागा पुष्कळ आहेत, त्यांस डेनॉनचें यंत्र अधिक सोईचें; गाण्याची आवड विशेष असेल तर यामाहाचेंहि तितकेंच चांगलें. स्पीकर थोडे आणि टीव्ही सोनीचाच असेल त्यांनीं सोनी पाहावें. ऑन्क्यो गुणांनीं कमी नाहीं. मात्र दुरुस्तीची खात्री जवळपास असली पाहिजे. आणि दुकानांत जातांना घरांतील सर्वांत वडील व सर्वांत लहान अशा दोन माणसांस बरोबर न्यावें. विक्रेत्यास स्फोट बंद करावयास सांगून मराठी बातम्या हळू आवाजांत लावावयास लावाव्या. आजोबांस पाठमोरें बसवून ऐकलेलें वाक्य म्हणावयास सांगावें. नंतर रिमोट आजींच्या किंवा नातीच्या हातीं देऊन यंत्र बंद करून पुनः लावावयास सांगावें. या दोन्ही परीक्षांत जें यंत्र उतरेल तें निःशंकपणें घरीं आणावें.